शेवटच्या डब्यातले मामा

आमच्या दौंडच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी खुर्ची मिळत नसे. बाक मिळत असे. दारात गार्डमामा बसलेले असायचे, ते हातात पितळी टोकन द्यायचे आणि म्हणायचे, "बसा. नंबर आला की हाक मारतो."

मी आले तेव्हा माझ्या हातात सत्तावीस नंबर पडला. मी पुण्याची, तोंडाने फटकळ. म्हटलं, "मामा, मी पेशंट नाही, डॉक्टर आहे."

"व्हय की. म्हणून तर सत्तावीस दिला. पेशंट असता तर आधी घेतलं असतं."

अडीच तास बसले त्या लोखंडी बाकावर. एका बाजूला खोकणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला तापाने फणफणलेलं पोर घेऊन बसलेली बाई. पंखा होता, पण वारा फक्त डॉक्टरच्या टेबलाकडे. पाणी प्यायला उठले तर जागा गेली. शेवटी नंबर आला, मी तणतणत आत गेले. मामा मागून म्हणाले, "आता सांगा, काय दुखतंय?" सगळंच दुखत होतं. दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल तर पंख्याचं तोंड बाकाकडे फिरवलं.

मामा रेल्वेत गार्ड होते. सुरुवात शंटिंगच्या, म्हणजे डबे जोडण्या-सोडवण्याच्या कामावर झाली, तिथेच दोन डब्यांच्या मध्ये सापडून डाव्या अंगठ्याचं पेर गेलं. उरलेल्या अंगठ्याला नख नव्हतं, टोक सपाट. निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून आमच्या दवाखान्याच्या दारात येऊन बसले. दवाखान्याची गंमत अशी की इमारत, गाडी, औषधं, डायलिसिसची तीन मशीनं हे सगळं पुण्याच्या एका ट्रस्टचं, आणि डॉक्टर मेडिकल कॉलेजचे. कॉलेजचं मोठं हॉस्पिटल पुण्यात आणि त्याची धाकटी भावंडं शिरूरला नि दौंडला. शिकाऊ डॉक्टरांनी गावात यावं, माणसं बघावीत, एवढ्यासाठी ट्रस्टने हा खटाटोप मांडलेला. मामा सोपं करून सांगायचे, "डबं ट्रस्टचं, इंजिन कॉलेजचं. आन् मी मागं झेंडा घिऊन."

झेंडा खरोखरच होता हो! हिरवा, विटका, टेबलाच्या खणात. डायलिसिस संपून पेशंट निघाला की मामा दारात उभं राहून तो हलवायचे. "लाईन क्लिअर! सावकाश जावा." चार तास सुईला बांधलेली माणसं हसत बाहेर पडायची. मी आधी नाक मुरडलं. दवाखान्यात कसले हे खेळ! पण एकदा मामा लग्नाला गेले होते तेव्हा सगळे पेशंट दाराशी रेंगाळले, आणि मला तो झेंडा शोधावा लागला.

एका शुक्रवारी पुण्याची गाडी पकडायची म्हणून मी लवकर पर्स उचलली. आत एक पेशंट मशीनवर होता, नर्स होती, सगळं ठीक होतं. मामा घड्याळाकडे बघून म्हणाले, "गार्ड शेवटच्या डब्यात आसतो, बाई. समदी गाडी पुढं जाती, मग त्यो जातो." बस्स, एवढंच. आवाज चढवला नाही, अडवलं नाही. गाडी गेली ती गेलीच. मी चरफडत परत फिरले आणि स्टेशनवरून मागवलेली भजी दोघांनी खाल्ली.

आमच्याकडे साळवेबाई यायच्या. पाटसजवळच्या वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. आठवड्यातून दोनदा, शाळा सुटली की बसने. डाव्या हातात सुई आणि उजव्या हाताने मुलांच्या वह्या तपासणं चालू. "बाई, जरा पडा की," म्हटलं तर म्हणायच्या, "पडून काय करू? हा बघा, याने पुन्हा पाढा गाळलाय." दौंडला मशीन होतं म्हणून बाईंची शाळा चालू होती, हे उघड होतं.

आणि तेच मशीन हलायची वेळ आली. कारण आम्हीच. दौंडला डॉक्टर टिकत नव्हते. शिरूरला शेजारी मोठमोठे कारखाने, बऱ्या सोयी, तिथे डॉक्टर राहायचे. दौंडला आला की सहा महिन्यांत अर्ज. ट्रस्टने ठरवलं, पुढच्या बैठकीत बघू; कायमचा डॉक्टर मिळाला तर मशीनं राहतील, नाहीतर शिरूरला जातील. चुकीचं काही नव्हतं. डॉक्टरशिवाय मशीन म्हणजे नुसतं लोखंड.

माझ्याही पर्समध्ये बदलीचा अर्ज तयार होता. मला पुढे शिकायचं होतं, पुण्यात राहायचं होतं, आईला सांगूनही झालं होतं. कुणालाच माहीत नाही अशा समजुतीत मी होते. बैठकीच्या आदल्या दिवशी चहा पिताना मामा म्हणाले, "तुमच्या पिशवीत एक अर्ज हाय. साळवेबाईंच्या पिशवीतबी एक हाय, नोकरी सोडायचा. शिरूरला जायचं-यायचं आन् शाळा, दोन्ही न्हाई जमायचं त्यांना."

मला संताप आला. "मामा, म्हणजे माझ्यामुळे का?"

"तसं न्हाई. तुम्हाला जायचं तर जावा. झेंडा मीच दाखवीन, हसून दाखवीन. फकस्त म्हाईत नसताना जाऊ नका, म्हणून बोललो."

एवढं बोलून ते कप विसळायला उठले. त्या रात्री मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू?

बैठकीला ट्रस्टच्या मोठ्या बाई आल्या. मामांनी त्यांनाही टोकन दिलं! त्या बिचाऱ्या बाकावर बसल्या, शेजारच्या आजींशी गप्पा मारल्या, नंबर आल्यावरच आत आल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "डॉक्टर, तुम्ही राहणार आहात का?" मी दाराकडे पाहिलं. जगातल्या कुणाशीही बोलणारे मामा खाली मान घालून टोकनं पुसत होते. काचेपलीकडे साळवेबाई लाल पेनने काहीतरी खोडत होत्या.

"एक वर्ष राहते," मी म्हटलं.

तेवढ्या बोलीवर मशीनं राहिली. पुढे तिनाची पाच झाली. माझं शिक्षण ट्रस्टच्याच मदतीने, थोडं पुण्यात थोडं इथे असं झालं. साळवेबाई शाळेतून वेळेवर, हारतुरे घेऊन निवृत्त झाल्या आणि अजून येतात. आता वह्यांऐवजी नातीचा अभ्यास आणतात. आणि माझं ते एक वर्ष काही अजून संपलेलं नाही.

कॉलेजने आमच्याकडे देहदानाची माहिती सांगायला माणसं पाठवली, तेव्हा पहिला फॉर्म मामांनी भरला. मामींनी आकांत केला. मामा त्यांना म्हणाले, "आगं, ही पोरं माझ्याकडं शिकून झाल्यावर येत्यात. तवर सवयी लागलेल्या आसत्यात. पयल्या वर्षालाच भेटली तर बरं न्हाई का?"

मामा गेले त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. अंगावर ताप काढला, दोन दिवसांत आटोपलं. मी हातात सगळं शास्त्र असून काही करू शकले नाही. मामींनी डोळे पुसत फॉर्म काढून दिला. ट्रस्टच्या गाडीतून मामा पुण्याला निघाले तेव्हा झेंडा मीच हलवला. हसून हलवायचा होता, ते मात्र जमलं नाही.

दाराशी आता त्यांचा फोटो आहे. डाव्या हातात झेंडा धरून उभे. टोकनं मी देते. परवा कॉलेजातून एक नवी डॉक्टर आली, अगदी माझ्यासारखी, नाकावर राग. टोकन पाहून म्हणाली, "मॅडम, हे कशाला?" मी म्हटलं, "इथली पद्धत आहे. यांनी पाडलेली." आणि फोटोकडे बोट केलं.

ती बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. जवळ गेली, झेंड्यावरचा तो आखूड, बिननखाचा अंगठा पाहिला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पहिल्या वर्षी आमच्या विच्छेदनाच्या टेबलवर... हा हात मी वर्षभर धरलाय. आम्हाला नाव सांगत नाहीत."

"गार्डमामा," मी नाव सांगितलं.

तिने फोटोला हात जोडले, टेबलावरचं टोकन स्वतःच उचललं आणि बाकावर जाऊन बसली.