खरा असता तरी दिलं नसतं

ती घटना आठवली की सगळ्यात आधी मला पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली एक बाई दिसते. डोईवर पदर, पायांत धूळ, मांडीवर दोन्ही हात घट्ट. पहाऱ्यावरचा शिपाई तिला दोनदा म्हणाला होता, "साहेब कामात आहेत, नंतर ये." ती जागची हलली नव्हती. मी बाहेर आल्यावर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला धरा."

नोकरीत अशी फिर्याद मी पहिल्यांदाच ऐकत होतो. साठीच्या दशकाचा मध्य असेल. उत्तर कन्नड जिल्ह्यातला आजचा जोयडा तालुका तेव्हा सुपा म्हणून ओळखला जाई, आणि आम्ही काळी नदीकाठच्या त्या सुपा गावात राहत होतो. ते गाव पुढे धरणाच्या पाण्याखाली गेले. मी नवा फौजदार होतो. या प्रकरणातल्या कुणाचेही नाव मी सांगणार नाही. काहींची मुले-नातवंडे आजही त्याच भागात आहेत.

बाईला आत बसवले, पाणी दिले. माहेर खानापूरकडचे, सासर नंदिगड्ड्याच्या पुढच्या जंगलातल्या एका वाडीत. नवरा वारलेला, पदरी एक मुलगी आणि भाताचे छोटे शेत.

"धरायला काय केलंस तू?" मी विचारले.

"कारड दिलं न्हाई. न्हाई दिलं तर पोलीस धरून न्हेतील म्हणाला. म्हटलं, ते कशाला एवढ्या लांब येतील? मीच जाते."

ते कार्ड म्हणजे रेशन कार्ड. त्या वर्षांत धान्याची टंचाई होती. साखर, तांदूळ, रॉकेल कार्डावरच मिळे. आजच्या पिढीला सांगून पटणार नाही, पण जंगलातल्या घरात त्या कार्डाला दागिन्यापेक्षा जास्त जपत. पावसाळ्यात घरचे भात संपले की चूल त्याच्यावरच पेटायची.

हकिकत अशी होती. खाकी कोट घातलेला, कातडी पिशवी आणि रबरी शिक्का घेतलेला एक माणूस वाडीत आला. त्याने सगळ्यांना देवळापुढे बोलावले. "तालुक्यातली जुनी कार्डे रद्द झाली आहेत. नवी येणार. जुनी आजच्या आज जमा करा, या कागदावर अंगठा उठवा. आज राहिला त्याला वर्षभर धान्य मिळणार नाही." लोकांनी घराघरांतून कार्डे आणून दिली. बदल्यात शिक्का मारलेली एक चिठ्ठी मिळाली. या बाईने तेवढे दिले नाही.

"का दिलं नाहीस?"

"कारड मला कचेरीत दिलंय. घ्यायचं तर कचेरीत घ्या म्हटलं, मी चालत येते. त्यात त्याचं काय जातंय?"

त्यावर त्या माणसाने पोलिसांची भीती घातली. तीही चालेना, तेव्हा त्याने खरा डाव टाकला. एका घरामुळे सगळ्या वाडीची नवी कार्डे अडकतील, ती कबूल झाली की रस्त्यावरच्या चहाच्या दुकानात माझ्यासाठी निरोप ठेवा, असे दिराला सांगून तो निघून गेला. मग वाडीच तिच्यावर उलटली. दिराने घरात शिरून डबे धुंडाळले. ती कार्ड कमरेच्या चंचीत घेऊन फिरू लागली. सुगीचे दिवस होते. त्या भागात भातकापणी एकमेकांच्या शेतात पाळीने करतात. तिच्या पाळीला कुणी आले नाही. भात उभे राहिले आणि रानडुकरे उतरू लागली. मुलीला शेजारणी विहिरीवर बोलेनाशा झाल्या.

"मग देऊन टाकावंसं वाटलं नाही?"

"डुकरं खाऊ देत भात. भिवून देणार न्हाई."

मी तालुका कचेरीत पुरवठा कारकुनाकडे चौकशी केली. जुनी कार्डे रद्द केल्याचा कसलाही हुकूम नव्हता. दिग्गीकडच्या दोन वाड्यांतही हवालदार पाठवला. तिथेही तोच खाकी कोट येऊन गेला होता. म्हणजे शेकडो माणसांच्या तोंडचा घास एका पिशवीत गोळा झाला होता, आणि कुणीही तक्रार केली नव्हती. सगळे नव्या कार्डाची वाट बघत बसले होते.

माणूस पकडायचा कसा? मी बाईला सुचवले, "दिराकडून निरोप पाठव, कार्ड द्यायला तयार आहे म्हणून. तो आला की आम्ही धरतो."

"तसं म्हणणार न्हाई," ती म्हणाली.

"अगं, खोटंच म्हणायचं आहे."

"खोटंबी म्हणणार न्हाई. देते हे माझ्या तोंडातनं निघणार न्हाई. पायजे तर ये आन् सगळ्यांच्या म्होरं घे, असा निरोप धाडते."

मी चिडलो. पण हवालदार हसून म्हणाला, "साहेब, अक्का म्हणते तसंच होऊ दे. असा निरोप गेला तर तो माणूस जास्त लवकर येईल."

निरोप गेला. हवालदार आणि दोन शिपाई गुडघ्यापर्यंत धोतर आणि डोक्यावर कांबळ्याची खोळ घेऊन, तिच्या माहेरची माणसे म्हणून शेतात उतरले. तिघेही शेतकऱ्यांची पोरे. नुसते बसून राहणे त्यांना जमेना. त्यांनी विळे घेतले आणि खरोखर भात कापायला लागले. मी पलीकडच्या झाडीत होतो. सरकारी पगारावर माझे शिपाई त्या बाईचे शेत कापत होते, आणि ती बांधावर उभी राहून कुणाचा विळा वर चाललाय, कुणाचा खाली, ते ऐकवत होती.

दुपार कलताना खाकी कोट आला. मागे निम्मी वाडी.

"आण कार्ड," तो म्हणाला.

"आदी सांगा, हे कारड मला कुणी दिलं? कुठल्या खोलीत? कचेरीतलं हायसा न्हवं?"

तो गडबडला. मग ओरडला, "सरकारी माणसाला उलट विचारतेस?"

"व्हय. माझं कारड हाय, मीच इचारणार."

त्याने तिच्या कमरेच्या चंचीला हात घातला. तिने त्याचे मनगट धरले. तोवर भातातून तीन विळे वर उठले होते. हवालदाराने खोळ काढून मिशीवरून हात फिरवला. तो चेहरा त्या भागात सगळ्यांना ओळखीचा होता. खाकी कोट खाली बसला.

ठाण्यात तो बोलेना. पिशवीत शिक्का आणि कोरे कागद मिळाले, कार्डे नव्हती. ती कुठे आहेत यावर त्याचे एकच उत्तर, "हरवली." मारहाणीने मिळालेला जबाब कोर्टात टिकत नाही आणि पुष्कळदा खरा नसतो, हे मी शिकून आलो होतो. मी त्याला चहा दिला आणि वेगळाच प्रश्न केला. "इतकी माणसं तुझं ऐकतात कशी, ते तरी सांग."

स्वतःच्या हुशारीबद्दल बोलायला मिळाले की भले भले गप्प बसत नाहीत. तो खुलला. पूर्वी एका लाकूड कंत्राटदाराकडे मुकादम होता. तिथे माणसांना दरडावायची सवय लागली. "साहेब, दोन गोष्टी लागतात. भीती घालायची आणि घाई करायची. भ्यालेला माणूस विचारत नाही, आणि घाईतला कुणाला विचारायला जात नाही. एखादं घर अडलं तर सोडून पुढं जायचं."

"मग हिच्याकडे परत का आलास?"

"शेठ म्हणाला, ती बाई कचेरीत जाईल, तिचं कार्ड..." आणि तो थांबला.

शेठचा उल्लेख तोवर कुणीच केला नव्हता. मी चहाचा दुसरा पेला मागवला. अंधार पडायच्या आत नाव आले. आज रामनगर आहे त्या बाजूला, बेळगाव-गोवा रस्त्यावर त्या शेठचे दुकान होते. त्या कार्डांवर उचललेली साखर रस्त्यावरच्या हॉटेलांत आणि ट्रकवाल्यांकडे जात होती. पंचांसमक्ष झडती घेतली. मागच्या खोलीत, कोंड्याच्या पोत्यांत, सुतळीने बांधलेले कार्डांचे गठ्ठे निघाले.

कार्डे परत द्यायला मी स्वतः वाडीत गेलो. लोक एकेक करून येत, कार्ड कपाळाला लावत आणि बाईकडे न बघता निघून जात. शेवटी दीर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कापणी पोलिसांनी केली," ती म्हणाली. "मळणीला तू ये."

खटला कारवारला चालला. शेठच्या वकिलांनी तिची उलटतपासणी घेतली. त्यांना दाखवायचे होते की तिला आम्ही पढवून ठेवले आहे. "तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही. सगळ्या वाडीला जो माणूस खरा वाटला, तो खोटा आहे हे तुम्हाला एकटीला कसं कळलं?"

"मला कुठं कळलं हुतं?" ती म्हणाली. "खरा असता तरी दिलं नसतं."

वकील खाली बसले. दोघांनाही शिक्षा झाली.

त्या उत्तरावर मी नंतर खूप विचार केला. आम्ही पोलीस लोकांना सांगत असतो की सावध राहा, तोतया ओळखा. पण चांगला तोतया ओळखू येतच नाही, म्हणून तर त्याचा धंदा चालतो. ती बाई ओळखण्याच्या भानगडीत पडलीच नाही. जे आपले आहे ते दारात आलेल्याच्या हातात द्यायचे नाही, मग तो कुणीही असो. सरकारचे काम असेल तर सरकारच्या दारात जाऊन करू. तिचा नियम एवढाच होता, आणि त्यासाठी ती सगळ्या वाडीशी एकटी भांडायला तयार होती.

आता रेशन कार्डाच्या जागी बँकेची कार्डे आली. खाकी कोटाच्या जागी फोनवरचा गोड आवाज आला. बाकी भीती तीच आणि घाईही तीच. मध्यंतरी मला असा फोन आला. डेबिट कार्ड आज बंद होणार, पाठीवरचे तीन आकडे आणि मोबाइलवर आलेला ओटीपी लगेच सांगा. बोलणारा अगदी बँकेतला वाटत होता. कदाचित असेलही. मी म्हटले, "मी उद्या शाखेत येतो."

"उद्या उशीर होईल, सर. कार्ड आत्ता बंद होईल."

"होऊ दे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. कार्ड चालू होते.