खोड सांगून विकणारे मामा

आमचे प्रोफेसरमामा कुठल्याही गोष्टीची ओळख करून देताना आधी तिची खोड सांगत. पाहुण्याला खुर्ची देताना म्हणत, "बसा, पण डावीकडं रेलू नका." पेटीतले आंबे वाटताना, "वरचे चांगले आहेत, खालचं देव जाणे." प्रोफेसर त्यांना फक्त घरातले म्हणत. कॉलेजने कधीच म्हटलं नाही. का, तेच सांगायला बसलोय.

ही सवय घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातली. मामांचे वडील बैलांचे व्यापारी. बाकीचे लोक रुमालाखाली बोटं धरून गुपचूप सौदा करत, तर हा म्हातारा भर बाजारात ओरडायचा, "लाथ मारतोय, पन नांगराला वाघ हाय!" त्याचं म्हणणं एकच, "खोड सांगून इकलेलं जनावर माघारी येत न्हाई." मामा शिकले, ग्रामीण विकास शिकवू लागले, पाणी-गवत-शेतीवर इंग्रजीत शोधनिबंध लिहू लागले, पण आतून ते बाजारातून कधी उठलेच नाहीत.

माझं लग्न ठरवायला मामाच पुढे होते. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "भाचा स्वभावानं गरीब. नागापूरला एमआयडीसीत नोकरीला. पण घोरतो. आणि हातातलं काम अर्धं टाकून चहाला जातो." माझ्या वडिलांनी त्यांचा पाय दाबला. मामा म्हणाले, "पाय का दाबताय दाजी? खरं आहे ना?" सासरे हसले आणि म्हणाले, "मंग आता आमच्या पोरीची खोड ऐका." ती खोड इथे लिहायची माझी छाती नाही.

मामांच्या निवृत्तीला थोडा अवधी उरला, तेव्हा प्राध्यापकपदाची, म्हणजे खऱ्या 'प्रोफेसर'ची, जागा निघाली. शेवटची संधी. अट अशी, की त्यांचे किमान दहा लेख असे हवेत, ज्यांतल्या प्रत्येकाचा इतर संशोधकांनी दहादा तरी उल्लेख केलाय. हे मोजायचं काम माझ्याकडे आलं. कंपनीत मी कॉम्प्युटरवर नट-बोल्टचा साठा बघतो, एवढ्या भांडवलावर मी घरातला तज्ज्ञ.

मामी म्हणाल्या, "म्हंजी आहेरासारखंच की. तुमी आमचं नाव घ्या, आमी तुमचं घेतो." त्यांची ती गंमत होती, पण दुसऱ्याच दिवशी एका सहकाऱ्याचा अगदी तसाच फोन आला. "सर, तुम्ही माझे दोन लेख घ्या, मी तुमचे घेतो." "रुमालाखालची बोटं!" म्हणत मामांनी फोन ठेवला.

मी मोजत गेलो. नऊ लेख बसले. मग दहावाही बसला, अगदी काठावर. मी ओरडलोच. मामींनी लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मामांनी मात्र चष्मा लावून त्या दहाव्या लेखावर बोट ठेवलं. "हा चराईबंदीचा. हे उल्लेख करणारे सगळे मला शिव्या देतायत रे."

नगरजवळच्या एका डोंगराळ गावात चराई बंद केली, गवत आलं, गावाचं भलं झालं, असा तो लेख. पुढे एकदा घोडेगावला मामांच्या वडिलांचे जुने दोस्त रशीदभाई भेटले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या त्या गावच्या शेळ्या लई याया लागल्यात बाजारात." मामा तसेच गावात गेले. ज्यांना जमीन नव्हती, फक्त शेळ्या होत्या, ती घरं शेळ्या विकून कामाला बाहेर पडली होती. लेखासाठी मामांनी फक्त जमीनवाल्यांना विचारलं होतं. 'माझी चूक झाली' असं सांगणारा एक छोटा लेख त्यांनी नंतर लिहिला. त्याचा उल्लेख कुणीच केला नाही.

"मामा, शिव्या दिल्या तरी नाव घेतलंच ना? आकड्याला काय कळतंय?" मी म्हणालो.

"आकड्याला नाही, पण मला कळतं की."

मुलाखतीत त्यांनी दहाव्या लेखाची ही खोड सांगून टाकली. जागा दुसऱ्याला गेली.

"अहो, विचारलं हुतं का कुनी?" मामींचा आवाज चढला.

"नाही. पण बैल घेताना गिऱ्हाईक थोडंच विचारतं, लाथ मारतो का म्हणून? आपणच सांगायचं."

"तुमी इकणारे हुतात, की बैल?"

 त्या दिवशी भाजलेला रवा डब्यातच राहिला. शिऱ्याचं पुढे नावच निघालं नाही. मामा तसेच निवृत्त झाले. त्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला.

त्यांच्या लेखांचा कुठे उल्लेख झाला की मोबाईलवर कळावं, अशी सोय मी तेव्हा करून ठेवली होती. बंद करायची राहून गेली. अर्ध्यात टाकलेल्या माझ्या कामांपैकीच एक. परवा मोबाईल वाजला. उल्लेख होता त्या छोट्या लेखाचा, चुकीच्या कबुलीचा. मी कंपनीतून सुटलो तो थेट मामींकडे. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. इंग्रजीतलं ते मोडक्यातोडक्या मराठीत त्यांना वाचून दाखवलं, "या लेखकाने स्वतःची चूक उघड सांगितली. ती वाचून आम्ही आमच्याकडे चराई बंद करण्याआधी शेळीवाल्यांना विचारलं."

मामींनी हातातली शेंग खाली ठेवली. "आदी इचारलं म्हन्तात?"

"हो."

"त्येंचा लेख वाचून?"

"हो मामी."

त्यांनी पदराने डोळे टिपले, फोलपटं झटकली आणि उठल्या.

"बस, शिरा करते. पन तूप जुनं हाय बरं का, आदीच सांगते."