उघड्या वाफ्याला पाणी कुणी घातलं?

मंडळी, आज डोकं फिरलंय.

मैंदर्गीजवळ आम्हा बायकांचा सामूहिक भाजीमळा आहे. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पुरत नाही, म्हणून मी सगळ्यांना प्रयोग करायला लावला. वांग्याचे दोन वाफे, दोन्हींना सारखंच कमी पाणी. एकावर ओल टिकावी म्हणून उसाचं पाचट पसरलेलं, दुसरा उघडा.

आज बघते तर दोन्ही हिरवेगार!

आमच्यातल्याच महादेवीअक्का म्हणाल्या, "उघड्याला मी रोज घागरभर जास्त घालत हुते की. रोपं माना टाकत हुती, बघवंना."

"अक्का, तेच तर बघायचं होतं!" मी ओरडलेच.

तोवर बाकीच्यांनी ठरवूनही टाकलं, "पाचटानं काय बी फरक पडत न्हाय."

आता तुम्हीच सांगा, वाळणारं रोप नुसतं बघत बसा, हे शेतकरणीला कुठल्या तोंडानं शिकवू?