सोवळ्यातली लायब्ररी

माणूस खरा कसा आहे हे तो संकटात काय निवडतो यावरून कळतं, असं म्हणतात. माझ्यावर संकट आलं तेव्हा समोर तीन लायब्रऱ्या होत्या, आणि त्यांतली एक निवडायला मी सहा दिवस घेतले.

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नाही. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, जो आपण आयता आपल्या प्रोग्रॅमला जोडतो. नेटवर्कची लायब्ररी दुसऱ्या कंप्युटरांशी बोलण्याची कटकट आपल्या वतीने सांभाळते.

संकट साधं होतं. चौदा वर्षं मी सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं आणि मग कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. पुढचे सात महिने बदलापूरच्या घरात बसून अर्ज करत होते. वय त्रेचाळीस. उत्तर आलंच तर त्यात माझ्या अनुभवाचं इतकं कौतुक असायचं की पुढचं वाक्य वाचायची गरज पडत नसे. एका कंपनीने मात्र काम करून दाखवायला सांगितलं. घरून करायची नोकरी होती, पण त्यांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग, म्हणजे कोड लिहायची एक खास पद्धत, येणारं माणूस हवं होतं. मी ते तीन महिने व्हिडिओ बघून शिकत होते, म्हणजे मला येत नव्हतं.

काम एवढंच होतं: दहा कंप्युटरांचे पत्ते देणार, प्रत्येकाला ‘चालू आहेस का’ म्हणून विचारायचं आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवायचं. मुदत पुढच्या शनिवारची संध्याकाळ.

“लायब्ररी कोणतीही घ्या, मॅम,” स्क्रीनवरचा तरुण म्हणाला. “आम्हाला फक्त तुमचं थिंकिंग बघायचंय.”

हे त्याने सांगितलं नसतं तर मी रविवारीच मोकळी झाले असते. आता थिंकिंग दाखवायचं म्हणजे ते आधी करणं आलं.

पहिली लायब्ररी प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबतच येत होती. तिच्याबद्दल कुणी चांगलं किंवा वाईट काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसरी सगळे वापरत होते. ती घेतली की तिच्यामागून आणखी चाळीस येत. लग्नाला एकाला बोलवावं आणि टेम्पो भरून यावा, तसं. तिसरी शुद्ध होती. तिच्या माहितीपुस्तिकेत उदाहरण एकही नव्हतं, नियम मात्र होते, आणि ते चिन्हांत लिहिलेले होते. वाचून मला काहीच कळलं नाही, त्यामुळे ती श्रेष्ठ असावी असं वाटलं. न कळणाऱ्या मंत्राला दक्षिणा जास्त, हा आपल्याकडचा जुना हिशोब.

बुधवारी इंटरनेटवर एका चर्चेच्या ठिकाणी विचारलं. ‘नवशिक्यांचं स्वागत आहे’ असं तिथे वरच लिहिलं होतं. पहिल्याने उत्तर दिलं की प्रश्नच चुकीचा आहे. दुसऱ्याने सांगितलं, आधी गणित वाचा. तिसऱ्याचं आणि दुसऱ्याचं भांडण लागलं, ते माझ्याशिवाय शुक्रवारपर्यंत चाललं.

शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते. लॅपटॉपची बॅटरी संपली, पंखा बंद, आणि मी पप्पांसमोर येऊन बसले. पप्पा आनंदनगरला एका केमिकल कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा ते पन्नाशीत होते. त्यानंतर दोन वर्षं ते रोज सकाळी दाढी करून, शर्ट घालून खुर्चीत बसायचे. मीही सात महिने रोज नऊला केस विंचरून लॅपटॉपसमोर बसत होते.

“झालं का काम?” त्यांनी विचारलं.

“अजून लायब्ररी ठरत नाहीये.”

“पाइप कुठला लावायचा ते आत काय वाहणार त्यावरून ठरतं. तुझ्यातून काय वाहणार?”

“दहा जणांना विचारायचंय, चालू आहात का. बस.”

“मग साधी नळी लाव. त्यात काय सहा दिवस?”

मी त्यांना फंक्शनल प्रोग्रॅमिंग समजावलं. म्हटलं, यात शुद्धतेला फार मान आहे. शुद्ध फंक्शन बाहेरच्या कशालाही हात लावत नाही. बाहेरचं जग, म्हणजे नेटवर्क वगैरे, ते अशुद्ध. त्याच्याशी बोलायचंच झालं तर वेगळं, बांधून, लांबून.

पप्पा पेपराने वारा घेत होते, ते थांबले.

“म्हणजे सोवळं.”

“तसंच काहीसं.”

“तुझ्या आज्यानं एवढ्यासाठी धर्म बदलला. आणि तू लाइट बिल भरून परत तेच शिकतेस?”

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “नोकरी मिळणार असेल तर शिक बाई. कुठलं का असेना.”

वीज आल्यावर मी तिसरी लायब्ररी घेतली. पप्पांचं म्हणणं पटलं होतं, पण नोकरी पप्पा देणार नव्हते. शनिवारी संध्याकाळी, मुदत संपायला वीस मिनिटं असताना, प्रोग्रॅम चालला. दहापैकी आठ कंप्युटर चालू होते. मी ते पाठवून दिलं, आणि पप्पांनी चहा केला.

सोमवारी मुलाखत झाली. तोच तरुण आणि शेजारच्या चौकटीत त्याच्या वरच्या बाई. हीच लायब्ररी का, असं विचारल्यावर मी शुद्धतेवर बोलले, बरंच बोलले. दाराआड पप्पा उभे होते हे मला त्यांच्या सावलीवरून कळत होतं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“छान मांडलंत,” त्या म्हणाल्या. “निवडण्याआधी तिचं पहिलं पान वाचलं होतंत ना?”

“हो,” मी म्हणाले. मी माहितीपुस्तिका वाचली होती, दोनदा. कोड जिथे ठेवलेला असतो ते पान उघडलंच नव्हतं.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. तरुण माझ्याकडे न बघता म्हणाला, “आम्ही कळवू, मॅम.” मग दोघांच्या चौकटी गेल्या आणि स्क्रीनवर एकटी मी उरले, केस विंचरलेली.

पप्पा आत आले. “काय म्हणाले?”

“कळवणार आहेत.”

ते खुर्चीत बसले. कळवणार आहेत म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही. आनंदनगरच्या कारखान्यांच्या गेटवर काम मागताना त्यांनी ते पुष्कळदा ऐकलं होतं.

मी पहिलं पान उघडलं. सगळ्यात वर, नावाच्याही आधी, लिहिणाऱ्याने दोन वाक्यं टाकली होती: ‘हे मी नेटवर्किंग शिकत असताना सराव म्हणून लिहिलं. कामासाठी भाषेसोबत येते ती लायब्ररी वापरा.’