दुसऱ्याच्या तोंडून साक्ष

बेथाया हॅलेट माझ्या शाळेत अक्षरं शिकायला यायची, तेव्हा बाकाच्या एका टोकाला बसायची आणि धडा संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला पोहोचलेली असायची. पुढे लग्न झालं, आमच्या वेनलो गावच्या खाऱ्या कुरणाकडेला घर झालं, तरी तीच तऱ्हा. ताक घुसळता घुसळता मध्येच उठून कुंपणापर्यंत जाऊन यायची. नवरा जेबेझ पिंपं बनवायचा. स्वभावाने शांत, बोलणं मोजकं. तो म्हणायचा, "कुठे निघाली म्हणून हिला विचारू नका. तिलाही ते माहीत नसतं."

त्यांचा पहिला मुलगा पाळण्यातच गेला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, होणारही नव्हता. त्यासाठी आईबापांपैकी एक तरी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, सभासद असावा लागतो, आणि ही दोघं दर शब्बाथला, म्हणजे रविवारी, नगारा वाजला की प्रार्थनेच्या सभागृहात येऊन बसत असली, तरी मंडळीत नव्हती. पाण्याने कोणाचं तारण होतं असं आम्ही मानत नाही. पण आपलं मूल देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कराराच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न आईला सोडत नाही. मग टॅमसिन झाली, अशक्त आणि सारखी खोकणारी. तेव्हा बेथायाने ठरवलं की आता मंडळीत जायचंच.

मंडळीत जायचं म्हणजे साक्ष द्यायची. देवाच्या कृपेने आपल्या मनात काय काम केलं, ते सगळ्यांपुढे सांगायचं. पुरुष स्वतः उभे राहून सांगतात. बायकांनी सभागृहात बोलायचं नाही, म्हणून बाई आधी मंडळीच्या कारभाऱ्यांकडे जाऊन बोलते आणि ते तिच्या वतीने सांगतात. शेवटी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारतात, "ही तुझी साक्ष ना?" बाईने मान हलवायची, की तिला आत घ्यायला सभासद पुरुष हात वर करतात.

आमचे कारभारी ऑबेद स्नो. माणूस भला, कोणाच्याही गोठ्यात गाय अडली तर धावणारा. पण त्यांनी इतक्या बायकांच्या साक्षी सांगितल्या होत्या, की त्या सगळ्या एकाच बाईच्या वाटायच्या. आधी पाप कळलं, मग भीती वाटली, मग शास्त्रातलं एक वचन मनात उतरलं आणि शांती मिळाली. बेथायाची साक्षही त्यांनी त्याच वाटेने नेली. ती बायकांच्या बाजूला पोरीला छातीशी धरून उभी होती. शांतीपाशी स्नो आले तशी ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

लॅथम पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने मान हलवली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"शेवटचं माझं नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली. "भीती माझी आहे. शांती मला मिळालेली नाही. स्नोकाकांना मी तसंच सांगितलं होतं."

स्नोंचे कान लाल झाले. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी पुटपुटलं की मग आलीच कशाला. पाळकांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि विषय पुढे ढकलला.

दोन प्रवचनांच्या मध्ये बायका शेजारच्या खोलीत शेकोटीपाशी बसून मक्याची भाकरी खातात. त्या दुपारी तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. गिरणीवाल्याची बायको दुसरीकडे बघत म्हणाली, "शांती नसेल मिळाली, पण हलवायला मान तर होती."

परतीच्या वाटेवर जेबेझही म्हणाला, "नुसती मान हलवायची होती, बेथाया."

"पोरीला खोट्यावर आत नेऊ? अहो, मग ती आत गेली असं तुम्ही तरी म्हणाल का?"

त्याने पोरीला आपल्याकडे घेतलं.

थंडी वाढली तसा टॅमसिनचा खोकलाही वाढला. बेथायाचं कशातच लक्ष लागेना. चुलीवर भोपळा करपायचा, गाय अर्धी दोहून राहायची. मान हलवायला तयार आहे असं सांगायला ती स्नोंच्या फाटकापर्यंत जायची आणि कडीला हात न लावता परत फिरायची. खिडकीतून हे सगळं स्नोंची बायको डोर्कस बघत होती. शेवटी एका सकाळी तीच रस्सा घेऊन हॅलेटांकडे गेली. पुढचं मला डोर्कसनेच सांगितलं.

"माझी साक्षही ह्यांनीच सांगितली होती," ती बेथायाला म्हणाली. "लग्न नवीन होतं. शांतीचं ते वाक्य माझ्या साक्षीतही होतं. मी मान हलवली."

"मग, मावशी? नंतर मिळाली?"

"वाट बघतेय, बाई. अजून बघतेय."

घरी जाऊन जेवताना डोर्कसने नवऱ्यालाही हेच सांगितलं. ते काय म्हणाले हे तिने मला सांगितलं नाही. ताटली तशीच सरकवून उठले, एवढंच. दुसऱ्या दिवशी स्नो हॅलेटांकडे गेले, जेबेझच्या अर्धवट पिंपावर बसले आणि बेथायाला म्हणाले की पुन्हा सांग, सावकाश सांग, मी मध्ये बोलणार नाही.

त्या शब्बाथला ते उभे राहिले तेव्हा त्यांची रोजची लय गेली होती. अडखळत म्हणाले, "बेथाया हॅलेट म्हणते, मला शांती मिळालेली नाही. मी चुलीपासून उठते, तशी प्रार्थनेतूनही उठते आणि पुन्हा गुडघे टेकते. कोणीतरी हाक मारली असं वाटतं, आणि जावं तर कोणी नसतं. पण देव मला नको असता, तर मी केव्हाच स्वस्थ बसले असते." एवढं बोलून ते खाली बसले. पुढे काही जोडलं नाही.

पाळकांनी प्रश्न विचारला. ह्या खेपेला तिने मान हलवली.

हात लगेच वर झाले नाहीत. आधी स्नोंचा झाला, मग माझा, मग मागच्या बाकांवरून एकेक. गिरणीवाला हाताची घडी घालून बसला तो बसलाच. पण पुरेसे झाले.

टॅमसिनचा बाप्तिस्मा पुढच्या शब्बाथला झाला. भांड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती, ती लॅथमनी बोटाने फोडली. पोरीला नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत पाळक हातात पाणी घेऊन उभे राहिले. बोटांतून पाणी गळत होतं.

बाहेर पडताना दारात बेथायाने मला गाठलं. मी विचारपूस करणार तोच ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही हात वर केलात, तेव्हा खात्री होती तुम्हाला? माझ्याबद्दल?"

"नाही, बेथाया," मी म्हणालो. "नव्हती."

"मलाही नाही. मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पोरीच्या तोंडावर शाल ओढून वाऱ्यात उतरली.