तळाशी पसाभर धान

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर अजून काही लिहिलेलं नाही. भागाबाईंवर गावातल्या कुणा थोरानं लिहायला हवं होतं. पण आमच्या गावात लिहिणारं कुणी नाही... वाचकांनी सांभाळून घ्यावं.

भागाबाई जाऊन आता महिना होत आला. कुरखेड्याकडच्या आमच्या लहानशा गावात त्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, साऱ्या गावाच्या वस्तू असत. लग्नाच्या स्वयंपाकाचे मोठे गंज, विहिरीतली बादली काढायचा गळ, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायची खाट, दोर, एक जाड घोंगडी. लागेल त्यानं न्यावं, काम झालं की आणून ठेवावं. कोणती वस्तू कुणी दिली ते भागाबाईंनाच ठाऊक, आणि त्या सांगत नसत. म्हणत, "नाव सांगतलं का मालक उभा होते." नियम एकच होता. नेलेलं भांडं रिकामं परत आणायचं नाही, तळाशी पसाभर तरी धान हवं. ते धान त्या बांबूच्या ढोलीत टाकत. आषाढात ज्याची चूल अडे तो त्यातून नेई आणि पीक आलं की पुन्हा भरून टाकी.

एकदा घरचं लग्न उरकून गावातल्या किसनभाऊंनी गंज तसाच आणून आदळला. भागाबाई म्हणाल्या, "काऊन रे किसन, वऱ्हाडानं गंजही चाटून खाल्ला का?" सपरीतली माणसं हसली. किसनभाऊ गंज उचलून घरी गेले, आणि पुढे हाच नियम दुसऱ्यांना सांगत फिरू लागले.

मी नागपूरला निघालो तेव्हा बाईंनी ती घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. "शिकनं झालं का आनून दे. रिकामी नोको आनू."

"बाई, घोंगडीत धान कसं आणू?"

"थे तू पाह्य. शिकून तू राह्यला, का मी?"

दोन हिवाळे मी ती पांघरली. पांघरताना दर वेळी मनात येई, हिच्यासोबत काय घेऊन जावं...

भागाबाई तापानं गेल्या हे मला कळलं तेव्हा तेरवीही होऊन गेली होती. परवा किसनभाऊ कामानं नागपूरला आले, तसे वसतिगृहात आले. मी सपरीचं विचारलं.

"तेरवीचे गंज घासून झाले," ते म्हणाले, "आन आता कोनाच्या घरी ठेवाचे, यावर बोलाचाली झाली. मंग ज्यानं त्यानं आपापलं ओळखून नेलं."

"आणि ढोली?"

"वाटून घेतली."

मी खाटेवरची घोंगडी उचलून त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, ही तरी घेऊन जा. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, काठ चाचपला.

"कोनाची होती बाप्पा हे?... आता कोनालेच मालूम नाई," ते म्हणाले. "ठेव तुझ्यापाशीच. तुझीच समज."