मामांना मरू द्या

इमर्जन्सीच्या डॉक्टरांना शिकवणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल आत्याबाई म्हणायचं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. घरी नवरा "गॅस बंद केलाय" म्हणाला, की "तोंडानं नको, हात लावून सांग!" असा हुकूम सुटायचा. संसार टिकावा म्हणून बिचारा उठायचा.

त्यांचा वर्ग तळमजल्यावर. खाटेवर मामा. मामा रबराचे, पण श्वास घ्यायचे, कण्हायचे, आणि काचेपलीकडून बटणं दाबली की मरणाच्या दारात जाऊन उभे राहायचे. उंबरठा मात्र कधी ओलांडायचे नाहीत. मोठ्या साहेबांचा तसा दंडकच होता. मामा मेले की म्हणे पोरांचं मन खचतं!

परवा वरच्या वॉर्डात या वर्गातून पास झालेल्या एका डॉक्टरनं खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्याला मास्क लावला, "ऑक्सिजन चालू" असं खणखणीत सांगितलं, आणि सिलिंडर उघडलाच नाही. म्हातारा निळा पडला तेव्हा सिस्टरनं धावत जाऊन चावी फिरवली, म्हणून वाचला. आत्याबाईंनी त्या डॉक्टरला फाडून खायचंच बाकी ठेवलं.

"पण मॅडम, खाली ट्रेनिंगला सिलिंडर आधीच चालू असतो ना!"

हे खरं होतं, म्हणून आत्याबाई जास्तच पेटल्या. तशाच साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आज सिलिंडर बंद ठेवून परीक्षा घेणार."

"आज? अहो, पाहुणे यायचेत बघायला. मामा ठणठणीत उठले पाहिजेत."

"आज जिची परीक्षा आहे, ती सोमवारपासून वॉर्डात एकटी असणार आहे."

"सोमवारचं सोमवारी बघू, बाई."

आत्याबाई गप्प बसल्या. हे लक्षण किती वाईट, ते त्यांच्या नवऱ्याला विचारावं. खाली येऊन त्यांनी सिलिंडर करकचून बंद केला आणि बटणांपाशी ठाण मांडलं.

पाहुणे बसले. परीक्षेला आलेली मुलगी हुशार, हात चपळ. मास्क लावला. "ऑक्सिजन चालू!" पडद्यावर मामांच्या ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. तिनं इंजेक्शन दिलं, छाती दाबली, मास्क पुन्हा घट्ट बसवला. सिलिंडरकडे मान वळली नाही. साहेब काचेमागे येऊन पुटपुटले, "वाढवा हो, वाढवा!"

"हात लावाल तर खबरदार."

पडद्यावरची रेघ सपाट झाली. आत्याबाई बाहेर आल्या आणि नुसतं सिलिंडरकडे बोट दाखवलं. मुलगी पांढरीफटक पडली.

"खरा पेशंट असता तर बघितलं असतं, मॅडम!"

"आणि आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! मेले मामा."

"उठवा त्यांना, झालं," साहेब हसत पाहुण्यांकडे वळले.

"मेलेली माणसं उठत नाहीत. बसा इथे. समजा, तुम्ही यांचे धाकटे भाऊ." त्यांनी साहेबांपुढे खुर्ची आपटली. "जा गं, सांग यांना."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? साहेब बसले. मुलगी समोर आली.

"तुमचे भाऊ... गेले."

साहेबांच्या तोंडावर हसू होतं. तिच्या डोळ्यांकडे बघता बघता ते ओसरलं.

"ऑक्सिजन नव्हता का?" त्यांनी हळूच विचारलं.

"होता. मी उघडला नाही."



"आता ये सोमवारी कामावर," आत्याबाई डाफरल्या. "आणि साहेब, तुम्ही उठा. पुढच्या पोराला आत यायचंय. सिलिंडर बंदच राहणार आहे."